तुळईचे टोक : खानदेशातील सागवान, लोखंड आणि लाकडात चिकटवलेली पोलादी सळई

१/ खानदेशातला जुना वाडा उतरवला जातो तेव्हा बाहेर निघणाऱ्या तुळया नीट पाहाव्यात. मधोमध मोडलेली तुळई क्वचितच आढळते. दहा-अकरा फुटांच्या सागवानी तुळईतले बहुतेक लाकूड ठणठणीत असते. कुजलेले असते ते भिंतीत शिरलेले हातभर टोक. त्या हातभर लाकडापायी तुळई जाते, तुळईपायी खण जातो आणि खणापायी वाडा. हा धागा त्या टोकाविषयी आणि ते वाचवू पाहणाऱ्या एका तंत्राविषयी आहे.

२/ प्रथम प्रदेश. ब्रिटिश काळातील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये दोन भाग झाले. पूर्व खानदेशचे मुख्यालय जळगाव आणि पश्चिम खानदेशचे धुळे. उत्तरेस सातपुडा, मधून तापी, पश्चिमेस डांगचे जंगल आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर. उन्हाळा कडक, पाऊस कोकणाच्या मानाने बेताचा. अशा हवेत उतरत्या छपरापेक्षा सपाट मातीचे छप्पर सोयीचे ठरले. देशावर आणि मराठवाड्यात ज्याला माळवद म्हणतात, ते खानदेशात धाबे.

३/ धाब्याची रचना वरवर साधी दिसते. दगडी जोत्यावर लाकडी खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई. तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट किंवा काड्या-कामट्या, त्यावर पाल्याचा थर आणि सर्वांत वर खारी पांढरी माती दाबून बसवलेली. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. घर किती मोठे, हे खणांवरून सांगितले जाई. भिंत बहुधा नुसता आडोसा असे. भार वाहत असे तो लाकडी सांगाडा.

४/ हा भार किती, याचा अंदाज करता येतो. मातीचा थर एक फूट जाडीचा धरला, तर दर चौरस मीटरला सुमारे अर्धा टन वजन होते. तुळई ३ मीटर लांबीची आणि दोन तुळयांत दीड मीटर अंतर असेल, तर एका तुळईच्या वाट्याला साडेचार चौरस मीटर छप्पर येते, म्हणजे सव्वादोन टन. त्यातील निम्मा, सव्वाएक टनाच्या जरा आतला भार प्रत्येक टोकावर. पावसात माती भिजली की तो आणखी वाढतो. म्हणजे तुळईचे टोक रात्रंदिवस टनभर वजन पेलत असते, तेही पिढ्यान् पिढ्या.

५/ मग नेमके टोकच का कुजते? लाकूड म्हणजे उभ्या सूक्ष्म नळ्यांची मोळी. बाजूने पाणी सावकाश शिरते, पण कापलेल्या तोंडातून ते झपाट्याने आत ओढले जाते. तुळईचे हेच तोंड ओल्या भिंतीत गाडलेले असते. तिथे ना वारा, ना ऊन. लाकडातील ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर राहू लागला की बुरशी धरते आणि मागोमाग वाळवीलाही वाट मिळते. १८७२ मध्ये पांझरेला मोठा पूर येऊन धुळ्यात घरादारांचे बरेच नुकसान झाले होते. अशा पुरात जी भिंत वाचते, तीही आतून दीर्घकाळ ओलसर राहते.

६/ सुताराला हे ठाऊक होते. म्हणून त्याने टोकाला केवळ भिंतीच्या भरवशावर सोडले नाही. भिंतीच्या आतही खांब उभा केला. सांध्यासाठी एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्यात तितकीच खाच पाडायची आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. हा सांधा दाब उत्तम सोसतो. ओढ मात्र त्याला मानवत नाही, कारण खाच पाडताना लाकडाचे बरेचसे तंतू कापले गेलेले असतात. लाकडी सांगाड्याचे बळ त्याच्या सांध्याइतकेच असते, ही गोष्ट पुढेही ध्यानात ठेवावी लागेल.

७/ आता थोडा मागचा इतिहास. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने मध्यवर्ती जागा म्हणून धुळ्याची निवड केली. १८१९ मध्ये या गावात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. ब्रिग्जने सरकारी इमारतींसाठी दूरवरून कारागीर आणवले, नव्याने वसणाऱ्यांना घरांसाठी बिनभाड्याच्या जागा दिल्या आणि पक्की घरे बांधण्यास आगाऊ रकमाही दिल्या. फारुकी सुलतानांच्या इतिहासासाठी आजही वापरला जाणारा फरिश्त्याच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद याच ब्रिग्जचा. तो १८२९ मध्ये प्रसिद्ध झाला.

८/ नव्या पेठा म्हणजे नवे लाकूड. सागाचे मोठे भांडार पश्चिमेला डांगमध्ये होते. १८४२ मध्ये कंपनी सरकारने तेथील भिल्ल राजांशी करार करून जंगल भाडेपट्ट्याने घेतले. पुढे दीर्घकाळ डांगचा राजकीय कारभार खानदेशच्या कलेक्टरकडे होता. होळीच्या सुमारास आहव्याला भरणारा डांग दरबार आणि त्यात राजघराण्यांना दिले जाणारे वर्षासन ही त्याच व्यवहाराची आजवर टिकलेली खूण आहे. ज्या सागाकडे आपण ‘जुने लाकूड’ म्हणून पाहतो, त्याच्यामागे एका समाजाच्या हातून गेलेले जंगल उभे आहे.

९/ कंपनीला साग हवा होता तो मुख्यतः जहाजांसाठी. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. युरोपातील ओक लाकडात टॅनिन असते. त्याने लोखंडी खिळे गंजतात आणि खिळ्याभोवतीचे लाकूडही खराब होते. साग तेलकट असल्याने त्यात लोखंड तुलनेने सुखरूप राहते. लाकूड आणि लोखंड यांचे जमते ते सागात, ही जाण जहाजबांधणीने पक्की केली.

१०/ १८६० च्या दशकात रेल्वे खानदेशात आली. भुसावळ हे मोठे जंक्शन झाले आणि अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात वधारलेल्या कापसाने जळगावच्या बाजारपेठेला उभारी दिली. रेल्वेला स्लीपर हवे होते, इंजिनांना जळण हवे होते. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांची हद्द अधिक कडक झाली. गावच्या सुताराला हवा तसा जाड, सरळ साग मिळणे अवघड होत गेले. त्याच रेल्वेने मात्र लोखंडी गर्डर आणि पन्हाळी पत्रा दारात आणून ठेवला. १९१२ मध्ये जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यातून पोलाद निघू लागले आणि लोखंड अधिकच आवाक्यात आले.

११/ तुळई वाचवण्यासाठीही लोखंड वापरले गेले. फाटलेल्या लाकडाला पट्टी आवळणे, दोन बाजूंना पट्ट्या लावून बोल्ट पिळणे, टोकाखाली गर्डरचा तुकडा देणे. हे उपाय उपयोगी होते, पण त्यांत एक उणीव होती. बोल्ट आपला सगळा भार लाकडाच्या एका लहानशा जागी टेकवतो. तिथले तंतू चेपतात, भोक मोठे होते, कधी लाकूड उभे चिरते. उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते आणि आवळलेला सांधा काही वर्षांत सैल होतो.

१२/ भार एका बिंदूवर न टेकवता लांबीभर पसरवता आला तर? त्यासाठी चिकटवणे हाच मार्ग. परंतु सुताराचा पारंपरिक सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनलेला. ओल लागली की सुटणारा, आणि लोखंडाला धरून ठेवणे हे त्याचे कामच नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यास इपॉक्सी आले आणि हे बदलले. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने १९४६ मध्ये बाजारात आणलेले ‘अराल्डाइट’ हे त्यातील सर्वांत परिचित नाव. लाकूड आणि धातू या दोहोंना घट्ट धरणारे, आणि मुख्य म्हणजे दाबून न धरताही फट भरून घट्ट होणारे चिकटद्रव्य प्रथमच हाती आले.

१३/ १९७० आणि १९८० च्या दशकांत डेन्मार्क-स्वीडनमध्ये या कल्पनेवर पद्धतशीर प्रयोग झाले. लाकडाच्या टोकातून तंतूंच्या दिशेने खोल भोक पाडायचे, त्यात पोलादी सळई घालायची आणि उरलेली फट इपॉक्सीने भरायची. बाहेरून काही दिसत नाही. सांधा लाकडाच्या पोटात दडतो. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये जुन्या इमारतींच्या कुजलेल्या तुळयांची टोके कापून नवे टोक सळया आणि राळेने जोडण्याची रीत रुळली. खानदेशच्या तुळईला लागू पडणारा उपाय हाच.

१४/ या सांध्याचे बळ कसे मोजतात? समजा, १६ मिलिमीटर व्यासाची सळई २० मिलिमीटरच्या भोकात ४०० मिलिमीटर खोल बसवली. भोकाच्या आतल्या भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे २५,००० चौरस मिलिमीटर. दर चौरस मिलिमीटरला सरासरी ४ न्यूटन पकड धरली, तर सळई उपसण्यास सुमारे १,००,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १० टन ओढ लागेल. बांधकामात आज सर्रास मिळणारी ५०० प्रतीची १६ मिलिमीटरची सळईदेखील साधारण तितक्याच ओढीला ताणू लागते. म्हणजे हातभर खोलीची पकड पोलादाच्या पूर्ण ताकदीशी बरोबरी करू शकते.

१५/ आता हेच गणित धाब्याच्या तुळईला लावून पाहू. टोकापासून अर्धा मीटर लाकूड कुजले, ते कापले आणि तिथे सुकवलेल्या सागाचा नवा तुकडा जोडला. चौथ्या मुद्द्यातील भार धरला, तर त्या जोडावर वाकवण्याचा जोर येतो तो सुमारे ०.४७ टन-मीटर. वरच्या आणि खालच्या सळयांत २० सेंटिमीटर अंतर असेल, तर खालच्या सळयांवर येणारी ओढ सुमारे २.३ टन. खाली दोन सळया असतील, तर प्रत्येकीवर सव्वा टनाच्या आत. दहा टनांच्या तुलनेत हे पुष्कळच कमी. नुसत्या बळाचा प्रश्न असता, तर तो इथेच सुटला असता.

१६/ पण पकड सर्वत्र सारखी नसते. जर्मन अभियंता फोल्करसेन याने १९३८ मध्ये जोडपट्ट्यांविषयी दाखवले, की चिकटवलेल्या सांध्यात ताण दोन्ही टोकांशी एकवटतो आणि मधला भाग तुलनेने निवांत राहतो. म्हणून सळई दुप्पट खोल घातली तर बळ दुप्पट होत नाही. सळई लाकडाच्या कडेच्या फार जवळ असेल तर लाकूड चिरते. म्हणून कडेपासून सळईच्या व्यासाच्या किमान अडीच पट अंतर ठेवण्याचा संकेत युरोपात रूढ झाला.

१७/ असा सांधा अनेक प्रकारे निकामी होऊ शकतो. सळई ताणली जाते, चिकटद्रव्य सुटते, भोकाभोवतीचे लाकूड सोलून निघते, लाकूड उभे चिरते, किंवा सळई संपते तिथे तुळईच तुटते. यांतील पहिला प्रकार अभियंत्याला हवासा वाटतो. पोलाद तुटण्याआधी लांबते, वाकते आणि घरात राहणाऱ्यांना इशारा देते. लाकूड आणि राळ यांच्यापाशी असा इशारा नाही. ती एका क्षणात सुटतात. म्हणून पकड नेहमी पोलादापेक्षा वरचढ ठेवायची आणि पहिली हार पोलादाला पत्करू द्यायची, हे या तंत्राचे मुख्य सूत्र ठरले.

१८/ तरीही युरोपने घाई केली नाही. १९९० च्या दशकाअखेरीस अनेक देशांनी मिळून संशोधन केले. लाकडी पुलांच्या युरोपीय संहितेच्या २००३ च्या मसुद्यात या सांध्याचे नियम होते, पण अंतिम संहितेतून ते वगळले गेले, कारण वेगवेगळ्या सूत्रांची उत्तरे जुळत नव्हती. अशा सळयांच्या चाचणीचे आणि पकडीच्या वर्गवारीचे युरोपीय मानक प्रसिद्ध झाले ते २०२१ मध्ये. पहिल्या प्रयोगांपासून मानकापर्यंत चार दशकांहून अधिक काळ गेला. आणि यातील बहुतांश चाचण्या स्प्रूस या थंड प्रदेशातील मऊ लाकडावर झालेल्या आहेत.

१९/ इथे सागाचा स्वभाव आडवा येतो. वाळवीला दूर ठेवणारे टेक्टोक्विनोनसारखे घटक, तेल आणि रबरासारखा चिवट अंश यांमुळेच साग टिकतो, आणि त्यात लोखंडही टिकते. परंतु हेच तेल पृष्ठभागावर आले की चिकटद्रव्याला लाकडावर पसरू देत नाही. जहाज बांधणाऱ्याला जो गुण वाटला, तो चिकटवणाऱ्याला अडसर वाटतो. यावर उपाय आहे: भोक ताजे असावे, आतला भुसा पूर्ण काढावा, द्रावकाने तेल पुसावे आणि तेल पुन्हा वर येण्याआधी राळ भरावी. मात्र स्प्रूसचा आकडा सागाला जसाच्या तसा लावता येत नाही.

२०/ दुसरा प्रश्न खानदेशच्या उन्हाचा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. साध्या तापमानाला घट्ट होणारी बहुतेक इपॉक्सी सुमारे ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान आपला काचेसारखा कडकपणा सोडून मऊ पडू लागतात. आणि मऊ पडलेली राळ सततच्या भाराखाली हळूहळू सरकते. मातीच्या धाब्याखाली ही चिंता कमी, कारण फूटभर माती ऊन अडवते. धाबे काढून त्या जागी पत्रा टाकला, की भर दुपारी पत्रा साठ अंशांच्या वर तापतो आणि त्याखालचे लाकूडही तापत जाते. बाहेरचे छप्पर बदलले, की आतल्या सांध्याचे आयुष्यही बदलते.

२१/ वारसा-संवर्धनाच्या जगाने ही सावधगिरी लिखित स्वरूपात स्वीकारली आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने पारंपरिक तंत्र अपुरे पडेल तिथे आधुनिक तंत्राला मुभा दिली, पण ते शास्त्रीय पुराव्याने आणि अनुभवाने सिद्ध झालेले असावे, ही अट घातली. १९९९ मध्ये इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेने ऐतिहासिक लाकडी वास्तूंसाठी स्वीकारलेल्या तत्त्वांत इपॉक्सी आणि पोलादी मजबुतीकरण यांचा नावानिशी उल्लेख आहे. ती अत्यंत जपून, आणि पुरेशा दीर्घ काळात खात्री पटली असेल तरच वापरावीत, असे ती तत्त्वे सांगतात.

२२/ मग खानदेशातील वाड्याचे काय? दोन टोकाच्या भूमिका सहज घेतल्या जातात. एक म्हणते, तुळई कुजली, वाडा उतरवा, साग विकून टाका. दुसरी म्हणते, राळ भरा, काम झाले. दोन्हींत टोक का कुजले, हा प्रश्न विचारला जात नाही. भिंतीत ओल येत राहिली, तर नवे टोकही कुजेल आणि त्यातील सळई गंजेल. म्हणून क्रम असा हवा: आधी पाणी थांबवणे, म्हणजे धाब्याचा उतार, पन्हळ आणि भिंतीचा पाया. मग टोकाभोवती वारा खेळू देणे. शक्य असेल तिथे सुताराचा लाकडाला लाकूड जोडण्याचा सांधा. आणि तो पुरत नसेल तिथेच गंजरोधक पोलादाची सळई.

२३/ त्या शेवटच्या पायरीसाठी आकडे युरोपातून आणून भागणार नाही. उतरवल्या जाणाऱ्या वाड्यांतील तुळया फर्निचरसाठी चिरल्या जातात. त्यांतील काही तुकड्यांत सळया बसवून, मे महिन्याच्या उष्म्यात आणि श्रावणाच्या ओलीत ठेवून, मग त्या उपसून पाहता येतील. दीडशे वर्षांच्या सागाची पकड किती, हे तो सागच सांगू शकेल. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला हे काम अवघड नाही, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात वाटा आहे: तुळई कोणत्या काळातली, कोणत्या जंगलातली, छप्पर केव्हा बदलले, हे सांगणे त्याचे काम.

२४/ वाड्याचा इतिहास आपण बहुधा दर्शनी कोरीव कामावरून वाचतो. परंतु डांगचा करार, रेल्वे, वन कायदा, पत्रा आणि ओल या सर्वांनी आपली नोंद केली आहे ती भिंतीत दडलेल्या टोकावर. आपल्या गावात जुने धाब्याचे घर उतरवले जात असेल, तर तुळई बाहेर येताना ते टोक पाहावे, त्याचे छायाचित्र घ्यावे, लांबी-जाडी मोजून लिहून ठेवावी. एकदा ती तुळई करवतीखाली गेली, की ही नोंद पुन्हा मिळत नाही.

(समाप्त)

#खानदेश #धुळे #जळगाव #इतिहास #वास्तुवारसा